उणे बारा व्होल्टचं भूत

अकोल्याहून आलेलं पत्र थोडं आखडून देते.

«ताई, माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. २०१५ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे, आय-फाइव्ह ४४६०. लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन मंद होतं, पंखा किंचाळायला लागतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बंद पडतं. दुकानात नेलं तर त्यांनी एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं सॉफ्टवेअर लावून आकडे दाखवले. १२ व्होल्ट कधी १२.०९६, कधी १२.०२४, कधी ११.९५२. ५ व्होल्ट ५.०४. उणे १२ व्होल्टच्या जागी उणे १६.९७. व्हीकोअर १.७७६. व्हीबॅट २.५४४. टीएमपीआयएन-शून्य २८ अंश, टीएमपीआयएन-एक १२७ अंश. कोअर बसल्याजागी ५८, कमाल १००. दुकानदार म्हणतो, बारा व्होल्ट डगमगतंय, उणे बारा बिघडलंय, प्रोसेसरला व्होल्टेज जास्त जातंय, बोर्ड १२७ अंशांवर भाजतोय. बोर्ड-प्रोसेसर बदला, सतरा हजार. खोलीत कूलर आहे, तरी भिंतीवरचा थर्मामीटर ३८ दाखवतो. हल्ली कॉम्प्युटरची तारीखही मागे जाते. सीझन तोंडावर आहे. घेऊ का नवीन?»

भाऊ, सतरा हजार तूर्त खिशातच राहू द्या.

तुम्ही आठ आकडे लिहिलेत. त्यातले तीन निव्वळ भुताटकी आहेत. एकावर पाटी चुकीची लागली आहे. दोन ठणठणीत आहेत आणि दोन खरोखर आजारी. दुकानदाराने बोट ठेवलं ते सगळं भुतांवर, चुकीच्या पाटीवर आणि धडधाकट बारा व्होल्टवर. आजारी दोघांकडे कुणी पाहिलंच नाही. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. स्क्रीनवर आकडा दिसला की तो खराच असणार, असं बहुतेकांना वाटतं. वीस वर्षांपूर्वी मलाही वाटायचं. त्या भरवशावर मी एका गिऱ्हाइकाचा चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) काढून नवा बसवला होता. नव्यावरही तोच १०.८ चा आकडा आला, तेव्हा कुठे मीटर लावला. मीटरवर १२.१. जुना एसएमपीएस गुपचूप परत बसवला आणि पैसे परत केले.

तर हे आकडे येतात कुठून? मदरबोर्डच्या कडेला एक चौकोनी काळी चिप असते, तिला सुपर आय-ओ म्हणतात. आयटीई, नुवोटॉन या तैवानी कंपन्यांच्या चिपा आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांवर सापडतात. कीबोर्ड-माऊसचं जुनं पोर्ट आणि पंख्याचा वेग सांभाळता सांभाळता ही चिप व्होल्टेज आणि तापमानही मोजते. पण मोजते ते फार छोट्या मापाने. तिच्या पायावर जेमतेम दोन-तीन व्होल्ट चालतात, बारा थेट दिले तर जळेल. म्हणून बोर्ड बनवणारा मध्ये दोन रेझिस्टर टाकून बारा व्होल्टचे, समजा, दोन करतो आणि ते दोन चिपला दाखवतो. चिप सांगते «दोन». त्याला सहाने गुणायचं की चारने, हे चिपला ठाऊक नसतं. ते ठरवलेलं असतं बोर्ड बनवणाऱ्याने. कुठल्या पायाला कुठली तार जोडली, जोडली की नाही, हेही त्यालाच माहीत. बाहेरचं सॉफ्टवेअर हजारो बोर्डांसाठी एकच यादी घेऊन फिरतं. बोर्ड ओळखता आला तर ठीक, नाहीतर अंदाजाने गुणतं आणि अंदाजानेच पाटी लावतं. आपल्याकडे पायली गावागणिक बदलायची, तसंच हे. माप बरोबर भरलेलं असतं, पण एका पायलीत किती, हे त्या गावच्या माणसालाच विचारावं लागतं.

आता तुमचं «डगमगणारं» बारा व्होल्ट. तुमचेच तीन आकडे एकाखाली एक मांडा: १२.०९६, १२.०२४, ११.९५२. दर दोघांत फरक ०.०७२, एक हजारांशही इकडेतिकडे नाही. बिघडलेला एसएमपीएस इतका शिस्तीत डगमगत नाही. चिप ०.०१२ व्होल्टच्या पायऱ्यांनी मोजते आणि सॉफ्टवेअर त्याला सहाने गुणतं, म्हणून स्क्रीनवर एक पायरी ०.०७२ ची पडते. १६६ पायऱ्या म्हणजे ११.९५२, १६७ म्हणजे १२.०२४, १६८ म्हणजे १२.०९६. मधला आकडा तुम्हाला कधीच दिसणार नाही, १२.०५ ची वाट पाहत रात्रभर बसलात तरी. खरं व्होल्टेज दोन पायऱ्यांच्या सीमेवर असलं की केसभर हलल्यानेही आकडा उडी मारतो. त्यातून ते रेझिस्टरही एखादा टक्का कमी-जास्त असतात, म्हणजे बारावर ०.१२ चा फरक फुकटात. तेव्हा दशांशाच्या पुढचे ते तीन अंक पाहून घाबरायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही.

एटीएक्स या एसएमपीएस-बोर्डांच्या मानकाच्या नियमाप्रमाणे बारा व्होल्टला पाच टक्के मुभा आहे: ११.४० ते १२.६०. पाच व्होल्टला ४.७५ ते ५.२५. तुमचं ५.०४ आणि बाराचे तिन्ही आकडे या पट्ट्याच्या ऐन मध्यात आहेत. पट्टा पाहायचा तो मात्र काम चालू असताना. रेंडर लावल्यावर १२.०२ चं ११.८८ झालं तर ते स्वाभाविक आहे, भार पडला की व्होल्टेज थोडं बसतंच. ११.३ वर गेलं तर तेव्हा काळजी, आणि तेव्हाही आधी मीटर.

उणे १६.९७ हे पहिलं भूत. उणे बारा व्होल्टची तार जुन्या सिरियल पोर्टसाठी आणि काही जुन्या पीसीआय कार्डांसाठी लागायची. तुमच्या मशीनमध्ये तिच्यावर काहीच अवलंबून नाही. बऱ्याच बोर्डांवर ती त्या चिपपर्यंत नेलेलीच नसते. पाय मोकळा असला किंवा दुसऱ्याच कशाला जोडलेला असला, तरी सॉफ्टवेअर आपलं सूत्र लावून काहीतरी छापतं. उणे बारा खरंच उणे सतरावर गेलं असतं, तर त्याच एसएमपीएसमधून येणारे बाकीचे व्होल्ट इतके शहाण्यासारखे वागले नसते.

१२७ अंश हे दुसरं भूत, आणि ते ओळखायला सगळ्यात सोपं. आठ बिटांत अधिक-उणे दोन्ही आकडे बसवायचे तर सर्वांत मोठी संख्या १२७ येते आणि सर्वांत लहान उणे १२८. सेन्सर जोडलेलाच नसला की चिपचा काटा असा टोकाला जाऊन चिकटतो. मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू करताच पाहा. पहिल्या मिनिटाला १२७ आणि दोन तास रेंडर केल्यावरही १२७, तर ते तापमान नाही. बोर्डाचा एखादा कोपरा खरंच १२७ वर असता तर आकड्याआधी वास आला असता.

टीएमपीआयएन-शून्य, म्हणजे त्या चिपच्या पहिल्या तापमान-सेन्सरचे २८ अंश मात्र फसवे आहेत, कारण आकडा दिसायला सोज्वळ आहे. पण खोलीत ३८ आणि डब्यात २८? कॅबिनेटमधल्या पंख्याला गार करता येत नाही. तो खोलीची हवा आत ढकलतो, एवढंच. आतली कोणतीही वस्तू फार तर खोलीइतकी थंड होईल, त्याखाली नाही. (थर्मामीटर भिंतीवर आणि कॅबिनेट थेट कूलरच्या झोतात असं असेल, तर एकदा थर्मामीटर कॅबिनेटच्या जाळीपाशी धरून बघा.) अकोल्यात मे महिन्यात ज्या सेन्सरला २८ वाटतंय, त्याचं बाकीचंही ऐकू नका.

आता व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरला (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाला) मिळणारं व्होल्टेज: १.७७६. इथे दुकानदार का घाबरला ते मला कळतं. १.४ च्या वर गेलं की प्रोसेसर जळतो, असं व्हिडिओंतून सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि एरवी ते फारसं खोटंही नाही. पण तुमचा ४४६० चौथ्या पिढीचा, हॅसवेल. २०१३ मध्ये आलेल्या या पिढीत इंटेलने व्होल्टेज रेग्युलेटरचा शेवटचा टप्पा बोर्डावरून उचलून प्रोसेसरच्या पोटात घातला. बोर्ड प्रोसेसरला साधारण १.८ व्होल्ट देतो आणि त्यातून कोअरला किती लागतं ते प्रोसेसर आतल्या आत पाडून घेतो. २०१५ च्या सहाव्या पिढीत इंटेलने ही व्यवस्था पुन्हा बाहेर काढली. तुमच्या चिपला दिसतंय ते दाराशी पोचलेलं व्होल्टेज, सॉफ्टवेअरने त्यावर जुनी सवयीची पाटी लावली. तुमच्या मशीनवर तिथे १.७५-१.८ दिसणं बरोबर आहे. हाच आकडा आठव्या पिढीच्या मशीनवर दिसला असता तर मीही खुर्चीतून उठले असते.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) जाऊन ताडून पाहा. सुरू होताना डिलीट दाबा, पीसी हेल्थ किंवा हार्डवेअर मॉनिटर असं पान सापडेल. चिप तीच, पण तिथला गुणाकार बोर्ड बनवणाऱ्याने स्वतः भरलेला असतो. उणे बारा आणि ते १२७ तिथे बहुधा नसतीलच. फक्त एक लक्षात ठेवा. बायॉसमध्ये प्रोसेसर विंडोजमध्ये रिकामा बसल्यावर झोपतो तसा झोपत नाही, त्यामुळे तिथलं तापमान थोडं जास्तच दिसतं.

आता आजारी दोघं.

कोअरचं तापमान त्या काळ्या चिपकडून येत नाही. ते प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचं असतं आणि तो सेन्सर उलटा मोजतो: कमाल मर्यादेपासून मी अजून किती खाली आहे, एवढंच सांगतो. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १००. सेन्सर «४२ खाली» म्हणाला की सॉफ्टवेअर वजाबाकी करून ५८ छापतं. मर्यादेजवळ तो चांगला खरा बोलतो, खाली-खाली त्याचा भरवसा कमी होतो. म्हणून ५८ चे ५४ असले काय नि ६२ असले काय, मला फरक पडत नाही. पण १०० ने पडतो. १०० च्या वर तो काही सांगूच शकत नाही, कारण अंतर शून्याखाली जात नाही. १०० म्हणजे काटा छताला टेकला. तिथे टेकला की प्रोसेसर स्वतःचा वेग कापतो. तुमचं «मशीन मंद होतं» ते हेच. वेग कापूनही भागलं नाही की मग बंद.

पंखा किंचाळणं, मंद होणं, मग बंद, हा क्रम तुम्ही लिहिलात म्हणून बरं झालं. सगळं सुरळीत चालू असताना प्लग ओढल्यासारखा स्क्रीन काळा झाला असता, तर मी एसएमपीएसकडे बोट दाखवलं असतं.

एक छोटा प्रयोग करा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घ्या. त्यात प्रत्येक कोअरपुढे थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग कापणं) अशी ओळ असते, हो किंवा नाही. मशीन दहा मिनिटं रिकामं ठेवा, मग रेंडर सुरू करा आणि घड्याळाचा सेकंदकाटा पाहत कोअरच्या आकड्यावर नजर ठेवा. ५८ वरून ९५ ला दोन-चार सेकंदांत पोचला आणि रेंडर थांबवताच तसाच धाडकन खाली आला, तर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झाली असेल, किंवा इंटेलच्या प्रोसेसर-कूलरच्या (हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एखादी सुटली असेल. दहा वर्षांत त्या सुटतातच, सरळ बोटाने चाचपून कळतं. उलट आकडा पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत गेला, तर टेकणं ठीक आहे, हवा अडली आहे. हीटसिंकच्या पात्यांत गच्च भरलंय.

माझा अंदाज, तुमच्याकडे दोन्ही असणार. अकोल्यात धुळीबरोबर कापसाची तूस असते, आणि वर कूलर. कूलरच्या ओल्या हवेत ती धूळ पात्यांवर नमद्यासारखी बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात. तुमचा स्टुडिओ खारपाणपट्ट्यात असेल तर ते तुषार वाळून मागे क्षार ठेवतात. बोर्डावर पांढरी भुकटी दिसली तर ती तीच. कूलर चालवा, त्याच्याशिवाय मे निघायचा नाही, पण कॅबिनेट त्याच्या समोर ठेवू नका.

साफसफाईला दुपार पुरते. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग खातो. खुंट्यांवरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा देऊन त्या वर ओढा, हीटसिंक किंचित डावी-उजवीकडे हलवून उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी. थापायची नाही, दाबानेच पसरते. खुंट्या बसवताना आधी त्या बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा कट्ट आवाज आला पाहिजे. नंतर हीटसिंक हाताने हलवून बघा. हलला तर पुन्हा. मी शंभर वेळा केलंय आणि अजूनही चौथी खुंटी पहिल्या फटक्यात बसत नाही.

नंतर किती यावं? नुसता आकडा विचारू नका, खोलीपेक्षा किती जास्त ते विचारा. ८४ वॅटचा प्रोसेसर, कंपनीचाच छोटा प्रोसेसर-कूलर, पूर्ण भार: खोलीच्या वर ४०-४५ अंश मी चालवून घेईन. म्हणजे आज ३८ च्या खोलीत ८० च्या आसपास आणि डिसेंबरात त्याच मशीनवर साठ-पासष्ट. इंटरनेटवरचा कुणी «माझा तर ५५ च्या वर जात नाही» म्हणाला, तर त्याच्या खोलीत एसी आहे का ते आधी विचारा.

साफ करूनही, कोअर ८० वर असतानाच मशीन बंद पडलं, तर मात्र एसएमपीएस तपासा. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. हार्ड डिस्कच्या जुन्या चार तारांच्या रिकाम्या कनेक्टरमध्ये काळी सुई काळ्या तारेच्या पिनला, लाल सुई पिवळीला: बारा व्होल्ट. लाल तारेवर पाच. दोन्ही सुया एकमेकींना टेकू देऊ नका, आणि मोजायचं ते रेंडर चालू असतानाच. पिवळीवर ११.४ च्या खाली आलं तर एसएमपीएस बदला, दहा वर्षं त्याने इमानाने काढली आहेत. मीटर मात्र क्षणभराची घसरण पकडत नाही. मीटरवर सगळं ठीक आणि तरी मशीन प्लग ओढल्यासारखं मरत असेल, तर ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस एक दिवस लावून बघा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चटका उरलेला असतो.

दुसरा आजारी सगळ्यात स्वस्त. व्हीबॅट २.५४४ म्हणजे बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२. नवा असताना तीनच्या किंचित वर असतो. अडीचच्या घरात आला की तारीख-वेळ आणि बायॉसच्या सेटिंग विसरायला लागतो, तुमची तारीख मागे जाते ती यामुळे. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. बसवल्यावर बायॉसमध्ये तारीख नीट लावा आणि प्रोसेसरच्या पंख्याची सेटिंगही बघून घ्या. सेल गेल्यावर ती मूळपदावर गेलेली असू शकते.

पेस्ट आणि सेल आजच आणा. साफसफाईनंतर तोच व्हिडिओ पुन्हा रेंडरला लावा आणि तीनच आकडे मला कळवा: खोलीचं तापमान, कोअरचं कमाल, आणि ते थ्रॉटलिंगपुढचं हो की नाही. एचडब्ल्यूमॉनिटरचा फोटो नको. तो उणे १६.९७ अजून तिथेच असेल.